अपघातानंतरचा महिना

४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील गुंज गावाहून शेतमजूर बायकांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. सात जणी दगावल्या, तिघांना जिवंत बाहेर काढता आले. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. ज्या घरात आजच्या मजुरीवर उद्याची चूल पेटते, तिथे ही रक्कम लहान नाही आणि तिला नावे ठेवण्याचेही कारण नाही. पण या घटनेची नोंद सगळीकडे ‘ट्रॅक्टरचा अपघात’ अशीच झाली. त्या सात जणी कुठल्या लग्नाला किंवा जत्रेला निघाल्या नव्हत्या, रोजंदारीच्या कामाला निघाल्या होत्या. वाहनाचा अपघात म्हटला की चर्चा चालकापाशी थांबते. कामावरचा अपघात म्हटला की मजूर कुणी बोलावले, कसे आणले, त्या विहिरीला कठडा होता का, मजुरांची जबाबदारी नेमकी कुणावर होती, असे प्रश्न आपोआप पुढे येतात. मेलेल्या माणसाबद्दल हळहळणारी पण तो काय करताना मेला हे न विचारणारी सहानुभूती अर्धीच असते, आणि उरलेल्या अर्ध्याचा भार कुटुंबाला एकट्याने वाहावा लागतो.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: कामावरच्या अपघाताने होरपळलेल्या माणसांशी सहानुभूतीने वागणे हा मनाच्या मोठेपणाचा विषय कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. मन हेलावायला आपल्याकडे कमतरता नाही. मराठवाड्यात दुःखाच्या घरी माणसे न बोलावता येतात, दहाव्याला येतात, तेराव्याला येतात, शेजारची चूल त्या घराचा स्वयंपाक करते. कमतरता आहे ती खरी माहिती वेळेवर सांगणाऱ्या, कागद पुरे करणाऱ्या आणि हक्काचे पैसे मागायला न लावता देणाऱ्या रीतीची. ती रीत नसली तर चांगल्यातली चांगली भावनाही वाया जाते, प्रसंगी घातही करते.

घात कसा होतो, याचे उदाहरण लातूरने पाहिले आहे. जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका तेल गिरणीत टाकीच्या सफाईचे काम चालू असताना नऊ कामगार गुदमरून मरण पावले. आधी उतरलेले बाहेर येईनात, म्हणून त्यांना काढायला दुसरे उतरले, आणि तेही आतच राहिले. बंद टाकीत सडलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो, प्राणवायू कमी होतो, आणि आत गेलेल्या माणसाची शुद्ध काही क्षणांत हरपते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली अशा बंदिस्त जागांतील मृत्यूंचा आढावा घेतला, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक मृत हे वाचवायला गेलेले होते. सोबत्यासाठी जीव धोक्यात घालण्याहून मोठी करुणा कुठली? तरी ती निष्फळ ठरते, कारण तिच्या पाठीशी साधन नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३६ वे कलम हेच साधन सांगत होते. टाकीतला वायू काढून जाणकार माणसाने तपासणीचा लेखी दाखला दिल्याशिवाय आत उतरू नये. उतरायचेच झाले तर श्वसनयंत्र लावावे आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरून ठेवावे. अपघात होऊन गेल्यावर कुटुंबाच्या वाट्याला येणारी स्थिती वेगळी नसते. त्यांच्याकडे धावून जाणारे पुष्कळ असतात, पण बाहेर उभा राहून दोरी धरणारा, म्हणजे हे काम नेमून दिलेला, सहसा कुणी नसतो.

कुटुंबाला त्या वेळी सगळ्यात जास्त काय हवे असते, याचा अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कामावरच्या अपघातात जवळचे माणूस गमावलेल्यांची पाहणी करून २०१९ साली निष्कर्ष मांडले. मृत्यूला सरासरी सहा वर्षे उलटून गेल्यावरही दहांपैकी सहांमध्ये आघातानंतरच्या तीव्र मानसिक ताणाची लक्षणे होती. दहांपैकी चारांहून अधिक जणांत नैराश्य होते, आणि जवळपास तितक्याच जणांत न ओसरणारा शोक दिसला. मृत्यूविषयी समाधानकारक माहिती आणि आधार मिळणे याचा या त्रासाशी जवळचा संबंध आढळला. हे लक्षात घेतले की आपल्याकडच्या पहिल्या दिवसाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. बातमी घरी पोचते ती बहुधा मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीतून. नातेवाईक रुग्णालयाच्या शवविच्छेदन गृहाबाहेर झाडाखाली बसून असतात. आत किती वेळ लागेल, पंचनाम्यावर सही कुणी करायची, गुन्हा नोंदला का, शववाहिकेचे पैसे कोण देणार, यातले काहीही त्यांना कुणी नीट सांगत नाही. कारखान्याचा माणूस आलाच तर लांबून, सुपरवायझरच्या कानात काही बोलून निघून जातो. माहिती नसली की तिची जागा अफवा घेते, आणि अफवेने आलेला संशय पुढे वर्षानुवर्षे टिकतो.

म्हणून पहिल्या तासांतली सहानुभूती म्हणजे मालकाच्या किंवा व्यवस्थापनाच्या वतीने एका ठरलेल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाने स्वतः घरी जाणे. त्याने जेवढे नक्की कळले आहे तेवढे स्पष्ट सांगावे, जे कळायचे आहे ते कधी कळेल तेही सांगावे, आणि आपला फोन नंबर लिहून द्यावा. ‘देवाची मर्जी’, ‘एवढंच आयुष्य होतं’, ‘आता लेकरांकडं बघून सावरा’ ही वाक्ये आपल्या तोंडी बसलेली आहेत. शेजारणीने मायेने म्हटली तर ती चालूनही जातात. पण ज्याच्या कामावर माणूस गेला त्याच्या तोंडी देवाची मर्जी आली, की ऐकणाऱ्याला त्यात जबाबदारी झटकल्याचाच वास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली संकटग्रस्तांना द्यायच्या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सार तीन क्रियापदांत मावते: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायला लावा, रडायला लावा, सगळे पुन्हा सांगायला लावा, असे त्यात कुठेही नाही. उलट, आघातानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सारा प्रसंग वदवून घेण्याच्या पद्धतीचा उपयोग होत नाही आणि काहींना त्याने अपायही होतो, असे त्यावरच्या संशोधनाचे आढावे सांगतात. कॅमेरा घेऊन वाचलेल्या बाईपुढे ‘नेमकं काय झालं, सांगा’ म्हणून उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यानंतर येतो पैशाचा विषय. सुतकाच्या घरात पैशाची भाषा अशोभनीय वाटते, म्हणून भले लोक तो टाळतात, आणि टाळल्याचा फायदा भलतेच लोक घेतात. म्हणून इथे कायदा तपशिलात पाहणे भाग आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला गेला, पण गाभा तोच राहिला. काम करताना आणि कामामुळे मृत्यू आला तर मासिक वेतनाचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचा. चाळीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक १८४.१७ आहे. त्या वयाची एखादी बाई ३०० रुपये रोजाने महिन्याला २६ दिवस काम करत असेल तर तिचे वेतन ७,८०० रुपये, त्याचे निम्मे ३,९००, आणि भरपाई ७ लाख १८ हजार २६३ रुपये. ही रक्कम काम देणाऱ्याने द्यायची आहे, आणि सरकारी मदत मिळाली म्हणून ती माफ होत नाही. ती देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही बसू शकतो. काम गुत्तेदारामार्फत करून घेतले असले तरी मूळ मालक सुटत नाही. त्याने आधी भरपाई द्यावी आणि मग गुत्तेदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद आहे. मोठ्या कारखान्यात कामगार राज्य विमा योजना लागू असेल तर त्याऐवजी वारसांना त्या योजनेतून दरमहा पैसे मिळतात.

या कायद्यातल्या दोन बारीक तरतुदी मला त्यातल्या सर्वांत माणुसकीच्या वाटतात. पहिली अशी की मृत्यूची भरपाई मालकाने कुटुंबाच्या हातात परस्पर द्यायची नसते, ती भरपाईसाठी नेमलेल्या आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. दुसरी अशी की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार मुळातच रद्दबातल असतो. शंभर वर्षांपूर्वी हा कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की शोकात बुडालेला माणूस समोर ठेवलेल्या कशावरही अंगठा उठवतो. आजही गावोगाव चार प्रतिष्ठित माणसे मध्ये पडतात, पन्नास हजार किंवा लाखावर ‘आपसात मिटवून’ टाकतात आणि स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे काही मागणार नाही’ असे लिहून घेतात. त्यांचा हेतू चांगलाही असेल. पण कायद्याच्या नजरेत त्या कागदाला किंमत नाही, आणि कुटुंबाला ही गोष्ट सांगणे हे सांत्वनाचेच काम आहे.

सानुग्रह मदत आणि भरपाई यांतला फरक इथे पुरता उमजतो. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर आणि बातमीच्या आकारावर अवलंबून असते, भरपाई तशी नसते. सात जणी एकदम गेल्या म्हणून आलेगावची देशभर बातमी झाली. एखादा सालगडी मोटार चालू करताना शॉक लागून एकटाच जातो, तेव्हा त्याच्या घरी कुणी मोठी रक्कम जाहीर करत नाही. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे आणि तिच्यातून मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य असावे लागते. ज्या बाईच्या घरात कुणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नाही, ती दुसऱ्याच्या रानात राबताना मेली तर या योजनेच्या बाहेरच राहते. दयेच्या वाटपात सगळ्यात गरजू माणूस असा सुटतो, आणि म्हणून हक्काची भाषा कोरडी वाटली तरी तीच शेवटी अधिक कनवाळू ठरते.

हक्क कागदावर असून वेळेवर न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले आहे. २२ एप्रिल २००३ रोजी साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. २००९ साली आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने, अपघात कारखान्यात झालेला नाही, या कारणाने तो निकाल फिरवला. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताचा वेळ, जागा आणि परिस्थितीने कामाशी संबंध दिसत असेल, तर तो कामावरचाच अपघात मानावा, असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेतही ही तरतूद स्पष्टपणे आहे. निकाल महत्त्वाचा आहेच, पण तो येईपर्यंत बावीस वर्षे गेली. त्या काळात मुलांचे शिक्षण, लग्ने, आईचे आजारपण, सगळे होऊन गेले असणार. एवढ्या उशिरा आलेल्या न्यायाला न्याय म्हणता येईल, आधार म्हणता येणार नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप हमखास येतो: चूक कामगाराचीच असेल तर? त्याने हेल्मेट घातले नाही, पट्टा बांधला नाही, तर मालकाने का भोगावे? कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. एरवीच्या इजेच्या वेळी कामगाराने जाणूनबुजून नियम मोडल्याचा बचाव मालकाला घेता येतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचाव चालत नाही. यामागचा विचार साधा आहे. काम मालकाच्या नफ्यासाठी चालते, तर त्या कामाची जोखीमही धंद्याच्या खर्चातच धरली पाहिजे. शिवाय ‘चूक त्याचीच’ हा निष्कर्ष पहिल्या दिवशी निघतो तेव्हा तो तपासाचा नसतो, सोयीचा असतो. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर दोष ढकलण्याइतके सोपे काही नाही. हीच काळजी जिवंत चालक, मुकादम आणि सुपरवायझर यांच्याबाबतही घ्यायला हवी. ज्याच्या हातून घडले तोही त्या अपघाताचा एक बळी असू शकतो, आणि तपास पुरा होईपर्यंत त्याला खलनायक ठरवून व्यवस्थेतल्या उणिवा झाकल्या जाऊ नयेत.

दुसरा आक्षेप वकिली आहे. ‘आम्हाला वाईट वाटते’ असे म्हटले तरी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरेल, म्हणून गप्प बसा, असा सल्ला दिला जातो. फौजदारी खटल्याच्या भीतीने तो समजण्यासारखा आहे, पण भरपाईच्या बाबतीत तो निराधार आहे. ही भरपाई दोषावर आधारलेली नाही, त्यामुळे दोन शब्द बोलल्याने ती वाढत नाही आणि न बोलल्याने कमीही होत नाही. गप्प राहण्याची किंमत मात्र असते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून उपचारातल्या चुका रुग्णांना स्वतःहून सांगायला, माफी मागायला आणि योग्य ती भरपाई द्यायला सुरुवात केली. नंतरच्या पाहणीत दर लाख रुग्णभेटींमागे न्यायालयात दाखल होणारे दावे २.१३ वरून ०.७५ वर आल्याचे दिसले. रुग्णालय आणि कारखाना यांत फरक आहे, हे मान्य. तरीही माणूस न्यायालयात जातो त्यामागे पैशाइतकेच आपल्याला फसवले जात असल्याची भावना असते, एवढे यातून नक्की दिसते.

तिसरा आक्षेप मराठवाड्यापुरता सर्वांत वजनदार आहे. इथला काम देणारा बहुतेक वेळा उद्योगपती नसतो. तो तीन-चार एकरांचा शेतकरी असतो, स्वतःच सोसायटीच्या कर्जात बुडालेला, किंवा दहा मजुरांची टोळी घेऊन फिरणारा मुकादम असतो. त्याने सात लाख कुठून आणायचे? ही अडचण खरी आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करून सहानुभूतीवर बोलणे ढोंगीपणाचे ठरेल. पण तिचे उत्तर मजुराचा हक्क बुडवणे हे नाही, जोखीम वाटून घेणे हे आहे. बांधकाम मजुरांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे आणि नोंदणी असलेला मजूर कामावर मरण पावला तर वारसांना ५ लाख रुपये मिळतात. हा पैसा बांधकामांवरच्या उपकरातून उभा राहतो. शेतीच्या बाबतीत तेवढी भक्कम यंत्रणा अजून उभी नाही. मळणीयंत्र, ट्रॅक्टर, विहीर आणि वीज या चारांभोवती मजुरांचे जीव रोज फिरतात. त्यासाठी काम देणाऱ्याचा सामूहिक विमा बाजार समितीमार्फत किंवा साखर कारखान्यामार्फत उतरवता येणे अशक्य नाही. आणि गरीब शेतकऱ्याला जे आजच करता येते त्याला पैसे लागत नाहीत. पळून न जाणे, पोलिसांना खरे सांगणे, मजूर कामावर होती याची कबुली देणे. या एका कबुलीवर पुढचा सगळा दावा उभा असतो.

वाचलेल्यांचा विचार तर आपण जवळजवळ करतच नाही. विहिरीतून बाहेर आलेली बाई किंवा टाकीच्या तोंडाशी उभे राहून आतल्या सोबत्यांना हाका मारणारा कामगार, यांच्या अंगावर जखम नसली तर यादीत त्यांचे नावही नसते. दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर, त्याच वाटेने वाचलेल्याला बोलावले जाते. नाही गेला तर रोज बुडतो. झोप न लागणे, दचकणे, ‘मीच का वाचलो’ हा सल, हे सारे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक असते आणि बहुतेकांचे हळूहळू कमी होते. महिना उलटूनही कमी न झाल्यास उपचाराची गरज असते. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर फुकट उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पण तो नंबर भिंतीवर चिकटवून भागत नाही. काही दिवस पगारी सुट्टी आणि मग वेगळे काम, एवढे दिले तरच त्याला फोन करण्याची फुरसत आणि हिंमत मिळते.

ही सगळी कामे करणार कोण, या प्रश्नाचे उत्तर लातूर जिल्ह्याच्या अनुभवातच सापडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम चालला. पैसे आणि नियम सरकारचे होते, पण ते लोकांना कळावेत म्हणून स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे करण्यात आले. कुणाला किती हप्ता मिळणार, कुठला कागद कमी आहे, अभियंता कधी येणार, हे घरोघर सांगणे आणि लोकांच्या तक्रारी वर पोचवणे हे त्यांचे काम होते. त्या मानसोपचारतज्ज्ञ किंवा वकील नव्हत्या, गावातल्याच होत्या. त्यामुळे त्यांना लोकांच्या घरात जाता येत होते, आणि हाती माहिती असल्यामुळे त्यांच्या जाण्याला अर्थ होता. अशीच एक बाई किंवा एक माणूस प्रत्येक औद्योगिक वसाहतीत, प्रत्येक साखर कारखान्यात आणि शेतमजुरांच्या प्रत्येक मोठ्या गावात नेमता येईल. वारस प्रमाणपत्र, बँक खाते, शवविच्छेदन अहवालाची प्रत, गुन्ह्याच्या नोंदीची प्रत आणि आयुक्तांकडचा अर्ज, हे पाच कागद मिळवताना विधवेला तालुक्याच्या गावी किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नेमणुकीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

गाव तेराव्यापर्यंत सोबत असते, कायदा भरपाईला एक महिना देतो, आणि कुटुंबाचे दुःख वर्षानुवर्षे चालते. म्हणून एखाद्या मालकाची किंवा कारखान्याची माणुसकी जोखायची असेल तर अपघाताच्या दिवशी त्याने डोळ्यांत पाणी आणले की नाही, हे पाहू नये. महिना संपायच्या आत पैसे आयुक्तांकडे जमा झाले का, कुटुंबाला खरे कारण लेखी मिळाले का, वाचलेल्याचा रोज चालू राहिला का, आणि ज्या उणिवेने जीव घेतला ती दुरुस्त झाली का, एवढे विचारावे. ही चौकशी गावकऱ्यांनी, पत्रकारांनी, सरपंचांनी आणि कामगार संघटनांनी तिसाव्या दिवशी करावी. मदत जाहीर झालेल्या दिवशी सगळेच हजर असतात. तिसाव्या दिवशी त्या घरी विचारपूस करायला गेलेला एक जाणता माणूस त्या सगळ्यांहून जास्त उपयोगी पडतो.